रांगेच्या शेवटी टेंबे मॅडम

टेंबे मॅडमच्या घरी पहिल्यांदा आलेल्या माणसाला आधी नकार मिळायचा आणि मग पाणी. "पैसे मिळतील असं धरून आला असाल, तर मिळणार नाहीत. हे ऐकूनही दावा लावायचा असेल तर बसा," असं त्या दारातच सांगायच्या. आलेला माणूस चपला काढाव्यात की नाही या विचारात उंबऱ्यावरच उभा राहायचा. तोवर आतून टेंबेकाका तांब्या-भांडं घेऊन यायचे आणि हळूच म्हणायचे, "बसा हो. ती सगळ्यांनाच असं म्हणते."

मी त्या घरात शिरलो तो दुभाष्या म्हणून. सुरत महानगरपालिकेच्या मराठी शाळेत माझी सगळी नोकरी झाली. नवागाम या खानदेशी वस्तीतली कितीतरी पोरं माझ्या वर्गात बसून पुढे लूमवर, मिलमध्ये, टेम्पोवर गेली. त्यातलाच एक भटू पाटील. स्वतःचा टेम्पो घेऊन तो पांडेसऱ्यातल्या एका रंगाईच्या मिलचा माल रिंग रोडच्या कापड बाजारात पोचवायचा. मालकाने आधी भाडं लांबवलं, मग फोन उचलणं सोडलं आणि एके दिवशी मिलच्या गेटला कुलूप लागलं. काही आठवड्यांनी पेपरात एक सूचना आली. ती कापून भटू माझ्याकडे आला. बँकेने मिलला दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात खेचलं होतं. मालकाला बाजूला करून कारभार पाहायला एक अधिकारी नेमला होता, आणि ज्यांचं मिलकडे येणं आहे त्यांनी मुदतीत त्याच्याकडे दावा लावावा, असं त्यात म्हटलं होतं.

"म्हणजे देतील ना, गुरुजी?" भटूने विचारलं.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. आमच्या गणपती मंडळातल्या एका बँकवाल्याने टेंबे मॅडमचं नाव सुचवलं आणि मी भटूला घेऊन तापीपलीकडे अडाजणला गेलो. बरोबर लताबाई बोरसे आल्या होत्या. त्याच मिलच्या कामगारांना दुपारचं जेवण त्या पुरवायच्या. मिलचा मालक दर महिन्याला हिशोब करायचा, तो पुढे करेनासा झाला.

मॅडम मूळच्या सांगलीच्या. काकांच्या टेलिफोन खात्यातल्या बदलीमुळे सुरतला आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. नोकरी बँकेत, कायदा अधिकाऱ्याची. बुडालेल्या कारखान्यांकडून बँकेचं कर्ज कसं वसूल करायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं. निवृत्तीनंतर वकिलीची सनद पुन्हा चालू करून घेतली, तेव्हा बँकांनी त्यांना आपणहून कामं देऊ केली होती. त्यांनी ती घेतली नाहीत. मिल बुडाली की जे रांगेच्या अगदी शेवटी उभे असतात, कोळसा टाकणारे, टेम्पोवाले, डबेवाल्या, मशीन दुरुस्त करणारे, तेवढ्यांचेच दावे त्या घ्यायच्या. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. काका एकदा म्हणाले, "ही बँकेत होती तेव्हा आमच्या दाराशी कोणी चप्पल काढली नाही. आता मला माझी सापडत नाही."

बाई ठेंगण्या. पांढरे केस कानामागे चापून बसवलेले, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. वाचताना ओळीखाली लाकडी फुटपट्टी धरायच्या आणि ती एकेक ओळ खाली सरकवायच्या. कामाच्या वेळी शेजारी वाटीत गूळ-शेंगदाणे. कोणालाही अरे-तुरे नाही. भटूला मी कान धरून शिकवलेला, पण त्या त्याला "भटूराव, तुम्ही" म्हणायच्या आणि तो अवघडून बसायचा.

त्यांचा एक नियम फार जाचक होता. दाव्यासोबत जे प्रतिज्ञापत्र जातं ते सही करणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगून दाखवायचं. "तुम्हाला जे सांगता येत नाही त्यावर सही करू नका," त्या म्हणायच्या. लताबाईंना हे जमेना. वाचता येत होतं, पण कोर्टाचं नाव आलं की त्यांचं मराठीच पळायचं आणि त्या अहिराणीवर यायच्या. मॅडमना अहिराणीतलं निम्मं कळायचं नाही. म्हणून मी दर रविवारी मध्ये बसायचो. लताबाई मला सांगायच्या, मी मॅडमना सांगायचो, मॅडम फुटपट्टी ठेवून म्हणायच्या, "गुरुजी, तुम्ही सुधारून सांगताय. त्या जसं म्हणाल्या तसं सांगा."

पहिल्याच रविवारी त्यांनी आम्हाला कायदा समजावला तो पाण्याच्या टँकरवरून. टँकर एकच आणि तोही अर्धा. पुढे बँका, मोठे पिंप घेऊन. त्यांच्या जोडीला कामगारांचा काही पगार. मग सरकार. आणि सगळ्यांच्या मागे माल पुरवलेले, सेवा दिलेले लोक, हातात लोटा घेऊन.

"म्हणजे आमचा नंबर येईपर्यंत टँकर रिकामा," भटू म्हणाला.

"बहुतेक वेळा, हो."

"मग तुमच्याकडे येऊन उपयोग काय?"

"रांगेत उभं राहिला नाहीत तर टँकर भरलेला असला तरी मिळणार नाही. एवढाच उपयोग," मॅडम म्हणाल्या.

भटू उठला. टेम्पोच्या हप्त्यांसाठी फायनान्सवाले त्याच्या मागे लागलेले, घरी बायको पोटुशी. त्याला आशा हवी होती आणि या बाई ती द्यायला तयार नव्हत्या. पुढच्या रविवारी तो आला नाही. मागाहून कळलं, रिंग रोडवरच्या कोणा सल्लागाराने त्याला अर्धे पैसे नक्की काढून देतो असं सांगितलं होतं आणि भटूने कागद त्याच्या हवाली केले होते.

लताबाई मात्र टिकल्या. त्यांची अडचण पुराव्याची होती. मिलच्या कॅन्टीनच्या भिंतीवर रोजच्या ताटांच्या खुणा त्या कोळशाने करायच्या आणि महिनाअखेरीला मिलचा माणूस त्या पाहून आकडा घ्यायचा. मॅडमनी नेमलेल्या अधिकाऱ्याची रीतसर परवानगी काढली आणि आम्ही तिघं ती भिंत पाहायला पांडेसऱ्यात गेलो. बंद मिलमध्ये मी कधी शिरलो नव्हतो. रंगाचा उग्र वास तसाच होता, नुसता आवाज गेला होता. कॅन्टीनचं दार उघडलं आणि आतली भिंत पांढरीस्वच्छ निघाली. मिलची किंमत ठरवायला माणसं येणार होती म्हणून कोणीतरी चुना मारून घेतला होता. लताबाईंनी पदराने भिंत थोडी पुसून पाहिली. पदर पांढरा झाला.

मॅडमनी कॅन्टीनचं दार ओढून घेतलं. परत येताना रिक्षात एकदम म्हणाल्या, "जेवणारे कुठे आहेत?"

जेवणारे नवागाममध्येच होते. काही दुसऱ्या मिलला लागले होते, काही सचिन गावाकडच्या कारखान्यांत, काही घरीच. मग आमचे पुढचे रविवार त्यात गेले. एकेक कामगार यायचा, मॅडमसमोर बसायचा आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचा की मी अमुक काळ या मिलमध्ये कामाला होतो आणि दुपारी या बाईंच्या हातचं जेवत होतो. एकाने भाकरी कधीकधी करपलेली असायची हेही सांगितलं. मॅडमनी तेही लिहून घेतलं. "खरं वाटेल," त्या म्हणाल्या. नेमलेला अधिकारी तरुण होता, सभ्य होता. शंका काढून काढून त्याने त्यांना पुन्हा पुन्हा लिहायला लावलं, पण शेवटी लताबाईंचं येणं पुष्कळसं मान्य केलं. त्या दिवशी काकांनी शिरा केला. मॅडम सोडून सगळे खुशीत होते.

त्याच दिवशी लताबाईंनी त्यांना एक गोष्ट विचारली. किराणा दुकानदाराकडून उधारीवर माल घेऊन त्यांनी मिलला जेवण घातलं होतं आणि आता तो रोज दारात येऊन बसत होता. मिल न्यायाधिकरणात गेली की कोणालाही मिलच्या दारात जाऊन वसुली करता येत नाही, सगळ्यांना थांबावं लागतं, हे मॅडमनीच त्यांना सांगितलं होतं. लताबाईंनी माझ्याकरवी विचारलं, तशी एक सूचना आमच्या नावाने पेपरात छापता येईल का, म्हणजे दुकानदारपण थोडा थांबेल.

मी हे सांगितलं तेव्हा मला जरा हसू आलं होतं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी दिवाळखोरीच्या कायद्याचं पुस्तक काढलं, पानं उलटली आणि फुटपट्टी एका जागी ठेवली.

"बरोबर विचारलंत, लताबाई. साध्या माणसांसाठीही यात पानं आहेत. छापून ठेवली आहेत. पण ती अजून लागू केलेली नाहीत."

लताबाईंनी मान डोलावली, जणू एखादं दुकान आज बंद आहे एवढंच त्यांना कळलं होतं.

भटू परत आला तेव्हा दाव्याची मुदत, आणि उशिरा येणाऱ्यांसाठी ठेवलेली वाढीव मुदतही, निघून गेली होती. सल्लागाराने आगाऊ पैसे घेतले होते आणि दावा लावलाच नव्हता. टेम्पो फायनान्सवाले घेऊन गेले होते. भटू दाराबाहेरच उभा राहिला. या वेळी मॅडमनी त्याला नकार दिला नाही. नुसतं आत या म्हणाल्या, आणि मला ते ऐकूनच कसंतरी झालं.

त्याच्यासाठी त्यांनी जे जे करता येतं ते केलं. अधिकाऱ्याला अर्ज दिला, तो फेटाळला गेला. मग अहमदाबादला न्यायाधिकरणात गेल्या. पहाटेच्या गाडीने भटू, मी आणि त्या. आमचं प्रकरण पुकारलं गेलं तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की हा माणूस फसवला गेला आहे, झोपला नव्हता. समोरून सांगितलं गेलं की उशिरा येणाऱ्या प्रत्येकाची काही ना काही गोष्ट असते आणि प्रत्येकासाठी थांबलं तर हे काम कधीच संपणार नाही. अर्ज तिथेच निकालात निघाला. भटूला वाटलं अजून सुरू व्हायचंय. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "आपला नंबर कधी आहे?"

परतीच्या गाडीत मॅडम खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. सुरत जवळ आल्यावर मला म्हणाल्या, "मी त्या दिवशी गोड बोलले असते तर भटूराव थांबले असते, गुरुजी." मी म्हणालो, तुम्ही खरं तेच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "हो. आणि खोटं सांगणाऱ्याकडे ते गेले." ती गोष्ट त्यांनी मनाला फार लावून घेतली. काका सांगायचे, जेवता जेवता मध्येच हात थांबतो हिचा.

मिल विकत घ्यायला एक मोठा खरेदीदार पुढे आला. किती पैसे कोणाला, हे ठरवणार बँकांची समिती. लहान पुरवठादारांना मत नाही, आणि मॅडमकडे एव्हाना आलेल्या आमच्या सगळ्या लोकांचं येणं एकत्र केलं तरी समितीत नुसतं बसायला लागतं तेवढंही भरत नव्हतं. खरेदीदाराच्या प्रस्तावात आमच्या नावापुढे शून्य होतं. पण समितीने मनात आणलं तर त्यातला थोडा वाटा लहानांकडे वळवता येतो, असं मॅडम म्हणाल्या. समितीत सगळ्यात मोठी बँक होती ती त्यांचीच जुनी बँक, आणि तिथे ते खातं सांभाळत होता मेहुल. तो नोकरीला लागला तेव्हा मॅडमच्या हाताखाली होता. त्याला भेटायला जाताना त्यांनी मला बरोबर घेतलं.

मेहुल खुर्चीवरून उठून आला, वाकून पाया पडला. स्वतः चहा सांगितला. काकांच्या तब्येतीची चौकशी केली. मॅडमनी गुजरातीत मुद्दा मांडला, अगदी थोडक्यात, दहा-बारा लहान माणसं आहेत, त्यांना काहीतरी ठेवा. तो शेवटपर्यंत ऐकून घेत होता. मग म्हणाला, "तमे तो जाणो छो, मॅडम." तुम्हाला तर ठाऊकच आहे, असं म्हणून पुढे त्याने जे सांगितलं ते असं, की हा ठेवीदारांचा पैसा आहे, जो आपला नाही त्याचं दान करता येत नाही, आणि फाइलीवर दया लिहायची जागा नसते.

"हे तुम्हीच मला शिकवलंत. मी विसरलो नाही," तो म्हणाला. तो कुचकेपणाने म्हणत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर खरोखर आदर होता.

"हो, शिकवलं होतं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी चहा पूर्ण प्यायला, कप बशीत नीट ठेवला आणि उठल्या.

लिफ्ट असताना आम्ही जिन्याने उतरलो. मधल्या वळणावर त्या कठड्याला धरून थांबल्या. "गुरुजी, तुम्ही शिकवलेलं एखाद्या विद्यार्थ्याने जसंच्या तसं म्हणून दाखवलं तर तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणालो, बरं वाटतं.

"मलाही बरं वाटायला हवं होतं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा उतरायला लागल्या.

समितीने प्रस्ताव मंजूर केला. मॅडमनी अहमदाबादला हरकत घेतली. व्यवहाराचं शहाणपण बँकांचं, त्यात आम्ही हात घालणार नाही, असं न्यायाधिकरणाने सांगितलं आणि प्रस्तावावर शिक्का बसला. मला त्यांचा फोन आला. वाटलं, लोकांना सांगायचं काम माझ्यावर टाकतील. त्या म्हणाल्या, रविवारी मी नवागामला येते, सगळ्यांना बोलवा.

तोवर त्या कधी नवागामला आल्या नव्हत्या. मारुतीच्या देवळापुढच्या ओट्यावर आम्ही सतरंजी टाकली. दावा लावलेले आले, न लावलेले आले, प्रतिज्ञापत्र देणारे कामगारही आले. मी सवयीने मॅडमच्या शेजारी बसलो. त्यांनी हातानेच मला थांबवलं आणि लोकांकडे पाहून म्हणाल्या, "काहीच भेटनं नही."

अहिराणीचा उच्चार चुकला होता. एरवी आमची माणसं अशा वेळी हसतात. कोणी हसलं नाही.

"काहीच?" लताबाईंनी विचारलं.

"काहीच नाही."

मग त्यांनी मराठीत सगळं सांगितलं. मिल नव्या मालकाकडे जाईल ती कोरी होऊन जाईल. मागचं कोणाचंही येणं तिच्याकडे मागता येणार नाही. लताबाईंनी विचारलं, मग मी एवढ्या लोकांना जेवू घातलं ते खोटं ठरलं का?

"नाही. ते खरं ठरलंय," मॅडम म्हणाल्या. "तुमचं येणं मान्य आहे. ते द्यायचं नाही, एवढंच ठरलंय."

लताबाई हे वाक्य ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणत होत्या, प्रतिज्ञापत्र पाठ करताना म्हणायच्या तशा. त्यांना ते जमत नव्हतं. मलाही जमलं नसतं.

भटू मागे, ओट्याच्या पायरीवर बसला होता. तो आता दुसऱ्याचा टेम्पो चालवत होता. त्याने हात वर केला, शाळेत करायचा तसा.

"मॅडम, ज्यांचा दावा वेळेत लागला, त्यांनापण काही नाही?"

"नाही."

"मग मी उशिरा आलो त्याने माझं काही बिघडलं नाही."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. "नाही, भटूराव. त्याने काही बिघडलं नाही."

भटूने सुस्कारा सोडला. इतके महिने तो स्वतःला दोष देत होता, बायको देत होती, सासरा देत होता. तो दोष एका क्षणात उतरला आणि त्याचा चेहरा हलका झाला. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मात्र उतरला होता. भटूचं काही बिघडलं नव्हतं, याचा अर्थ बाकीच्यांचं त्यांच्यामुळे काही सुधारलंही नव्हतं. ते रविवार, ती भिंत, ती करपलेली भाकरी, सगळं त्या एका उत्तरात गेलं. ते त्यांनी स्वतःच, स्पष्ट आवाजात दिलं होतं.

कोणी भांडलं नाही. मला वाटत होतं कोणीतरी आवाज चढवावा, निदान बाईंना काही करायला तरी मिळेल. लोक उठले, सतरंजी झटकली. लताबाईंनी मॅडमचा हात धरून त्यांना उघड्या गटारीवरून पलीकडे नेलं आणि रिक्षात बसवलं.

त्यानंतर काही महिन्यांत काकांचं दुखणं वाढलं आणि दोघं मुलीकडे सांगलीला गेले. फोन होतो कधीमधी. काकांबद्दल बोलतो, हवेबद्दल बोलतो. नव्या मालकाची मिल सुरू झाली हे मी त्यांना सांगितलं, त्यांनी हं म्हटलं. लताबाईंनी दुकानदाराचं देणं फेडायला दोन घरची धुणीभांडी धरली आहेत, ते मी सांगितलेलं नाही. भेट पुन्हा झाली नाही. डोळ्यांसमोर त्या येतात त्या त्याच दुपारच्या.

रिक्षा सुटली आणि पन्नासेक पावलांवर रेल्वेचं फाटक पडलं. आम्ही अजून तिथेच होतो. भुसावळकडे जाणारी मालगाडी येत होती, लांबलचक, हळू. निरोप घेऊन झाला होता, बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि मॅडम आमच्या समोरच अडकून बसल्या होत्या. त्या समोर पाहत होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. मागे वळून पाहावं की पाहू नये, हे त्यांना ठरवता येत नव्हतं, असं त्यांच्या मानेवरून दिसत होतं. मग लताबाई चालत गेल्या आणि रिक्षाच्या दांडीला धरून उभ्या राहिल्या. त्यांच्यामागून भटू गेला. मग बाकीचे. सगळे नुसते रिक्षाभोवती उभे राहिले, ती गाडी बघत. शेवटचा डबा गेला, फाटक वर झालं, मागच्या गाड्यांनी हॉर्न लावले. लोक बाजूला झाले आणि रिक्षा रूळ ओलांडून गेली.